फोटोतलं चर्च मागे का पडतं, आणि ते सरळ करताना सॉफ्टवेअर नेमकं काय करतं

पणजीच्या चर्चपुढे खाली रस्त्यावर उभं राहून मोबाइल वर करून काढलेला कुठलाही फोटो बघा, चर्च मागे रेललेलंच असतं. दोन्ही बाजू वर जाता जाता एकमेकींकडे सरकतात, घंटेपर्यंत पोचेस्तोवर सगळं निमुळतं होऊन जातं. तिथे उभं असताना आपल्याला असं अजिबात वाटत नाही, कारण डोळा आणि डोकं मिळून ‘भिंत सरळच असणार’ हे आधीच धरून चालतात. फोटो असलं काही धरून चालत नाही. मग लोक म्हणतात मोबाइलचा कॅमेरा भिकार आहे, नवीन घ्यायला पाहिजे. घ्या की, पण नवीन मोबाइलातही चर्च मागेच पडणार आणि लाखभराचा कॅमेरा घेतलात तरी पडणारच, कारण दोष कॅमेऱ्याचा नाहीये, तो तुम्ही वर कलता केलात एवढंच झालंय.

आत काय होतं ते बघू. मोबाइलच्या आत एक चपटा सेन्सर असतो, चित्र पडतं ते त्याच्यावर. तो समोरच्या भिंतीला अगदी समांतर असेल तर भिंतीवरचा चौकोन फोटोतही चौकोनच येतो. मोबाइल वर कलला की सेन्सरही कलतो आणि मग त्याच्या हिशेबाने भिंतीचा माथा लांब जातो, पायथा जवळ राहतो, आणि लांबचं ते लहान हा नियम तर शाळेपासून माहीत आहे. आकडे घालून बघा. इमारत १५ मीटर उंच, तुम्ही १५ मीटरवर उभे, मोबाइल दीड मीटरवर धरलाय, पूर्ण इमारत फ्रेमच्या मधोमध बसवायला तो साधारण १८ अंश वर करावा लागतो. एवढ्याशा कलण्यात माथा पायथ्याच्या पाऊणपट रुंद दिसायला लागतो. तेच ३० मीटर लांब जाऊन काढा, माथा पायथ्याच्या नव्वद टक्क्यांच्या वर जातो. उलट ड्रोनने किंवा वरच्या बाल्कनीतून खाली बघून काढलं तर इमारतीचे पाय बारीक आणि डोकं मोठं, गणित तेच, फक्त उलटं.

आता इथे एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं किती मोठं आणि लांबचं किती लहान दिसतं ते, ठरतं तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून. लेन्सवरून नाही, झूमवरून नाही. ‘वाइड लेन्सने नाक मोठं येतं’ असं सर्रास म्हणतात, पण नाक मोठं येतं ते जवळ गेल्यामुळे. सेल्फी घेताना मोबाइल नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर कान साधारण ४२ सेंटीमीटरवर असतात, म्हणजे नाक कानाच्या मानाने १.४ पट मोठं पडतं. दीड मीटरवरून काढलात तर १५० आणि १६२, फरक जेमतेम आठ टक्के. वाइड लेन्सचा गुन्हा एवढाच की ती तुम्हाला तेवढं जवळ जाऊ देते. पटत नसेल तर पणजीतल्या फोंतेन्यासच्या एखाद्या गल्लीत एकाच जागी उभं राहून एक फोटो १एक्सवर काढा, एक ३एक्सवर, आणि पहिल्यातला मधला भाग कापून दुसऱ्याशेजारी ठेवा. घरं, खिडक्या, पुढच्या घरामागे लपलेलं मागचं घर, सगळं तंतोतंत जुळेल, फक्त कापलेला फोटो जरा खरबरीत असेल.

मग सॉफ्टवेअर काय करतं? अशी कल्पना करा की तुम्ही खिडकीशी एक डोळा मिटून बसलाय आणि बाहेरचं घर काचेवर मार्करने जसंच्या तसं गिरवताय. काच सरळ उभी असेल तर एक चित्र येईल, काच तिरकी केलीत तर वेगळं चित्र येईल, पण डोळा जागचा हललेला नाही. या दोन चित्रांचं एकमेकांशी ठरलेलं नातं असतं, एका काचेवरचा प्रत्येक ठिपका दुसऱ्या काचेवर कुठे जाणार ते आठ आकड्यांत मावतं. आणि एक ठिपका दिला की आडवं अंतर आणि उभं अंतर असे दोन आकडे मिळतात, म्हणजे चार ठिपके दिले की आठ झाले. म्हणूनच सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला चार कोपरे ओढायला देतात, तीन नाही आणि पाचही नाही. कागद स्कॅन करणारी अॅपं हेच करतात, पडद्यावरचं तिरकं चित्र चौकोनी करणारं प्रोजेक्टरवरचं कीस्टोनचं बटण हेच करतं, आणि तुमच्या फोटोतलं चर्चसुद्धा ह्याच गणिताने उभं राहतं.

म्हणजे पर्स्पेक्टिव्ह करेक्शन करता तेव्हा तुम्ही फक्त काच फिरवताय. त्याच जागी उभं राहून कॅमेरा सरळ धरला असता तर कसं दिसलं असतं, तेवढंच ते तुम्हाला देतं. दोन पावलं डावीकडे सरकून काढल्यासारखं करून देत नाही, वर चढून काढल्यासारखं तर नाहीच नाही. मंगेशीच्या देवळापुढचा सात मजली दीपस्तंभ घ्या. पायथ्याशी जाऊन फोटो काढलात आणि घरी येऊन तो मस्त सरळ केलात, तरी वरच्या प्रत्येक मजल्याच्या कंगोऱ्याची खालची बाजू दिसतच राहणार. खांब तर सरळ उभा दिसतोय, म्हणजे बघणारा समोरून बघतोय असं वाटतं, पण सगळ्या कडा खालून दिसतायत, म्हणजे बघणारा खालीच आहे. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं हे नक्की. जुन्या घरांच्या फोटोत छपराच्या पुढे आलेल्या वाशांची खालची बाजू असाच घोटाळा करते. जी गोष्ट सपाट आहे ती पूर्ण सरळ होते, जी पुढे-मागे आलेली आहे ती होत नाही, आणि त्यावर कुठलंही बटण नाही.

ह्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती पिक्सेलात मोजावी लागते. वरच्या १५ मीटरच्या उदाहरणात माथा पाऊणपट आलाय, तो पायथ्याइतका रुंद करायचा तर १.३३ पट आडवा ताणायचा, आणि उभा ताण त्याहून जास्त बसतो, जवळजवळ पावणेदोन पट. दोन्ही मिळून माथ्याकडचा एक पिक्सेल सव्वादोन पिक्सेलांपेक्षा जास्त जागेवर पसरतो. मधले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, म्हणून वरचा भाग मऊ, धुरकट दिसतो. एवढं चालून जातं. पण ओल्ड गोव्यात संत ऑगस्टीनचा जो मोडका बुरूज आहे, सुमारे ४६ मीटरचा, त्याच्यापासून २५ मीटरवर उभं राहून फोटो काढलात तर माथा पायथ्याच्या अर्धासुद्धा येत नाही, आणि तो सरळ करायचा हट्ट धरलात तर वरचा एक पिक्सेल आठपटीहून जास्त जागेवर ताणला जातो. राहतो काय मग, विटकरी रंगाचा लगदा. असा फोटो सरळ करूच नये. मान वर करून बघतोय असाच तो राहू द्यावा, उलट आणखी जवळ जाऊन आणखी कलता काढावा, निदान मुद्दाम केल्यासारखा तरी दिसेल. थोडासा कलता फोटो चुकल्यासारखा दिसतो, भरपूर कलता ठरवून काढल्यासारखा दिसतो, हे माझं मत आहे पण मला तरी त्यात अजून अपवाद सापडलेला नाही.

त्यामुळे सगळ्यात स्वस्त करेक्शन तिथल्या तिथे, फोटो काढतानाच होतं. मोबाइल उभा धरायचा, कलता न करता, अगदी समोर. आता इमारतीचा माथा कापला जातो म्हणून आपण मोबाइल वर करतो ना, त्याऐवजी मागे जायचं. २४ मिलिमीटर लेन्सचा मुख्य कॅमेरा, म्हणजे १एक्सचा, उभा आणि सरळ धरला तर १५ मीटरची इमारत साधारण १९ मीटरवरून पूर्ण येते, म्हणजे आधीपेक्षा फक्त चार मीटर मागे. फोटोच्या खालच्या अर्ध्यात रस्ता, स्कूटरी, कुत्री, चण्याचा गाडा असलं सगळं येईल, ते कापून टाका. अर्धा फोटो वाया गेला असं वाटतं, पण जो उरला तो ताणाताणी न झालेला आहे. इमारतींचे फोटो काढणाऱ्यांनी यासाठी वेगळी लेन्सच करून घेतली, शिफ्ट लेन्स म्हणतात तिला, जी कॅमेरा सरळ ठेवून स्वतः वर सरकते. निकॉनने ३५ मिलिमीटरची अशी लेन्स १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली, कॅननने १९७३ मध्ये सरकणारी आणि वर कलणारीसुद्धा आणली, आणि आजही त्या महाग मिळतात. आपण मोबाइल सरळ धरून खालचा भाग कापतो तेव्हा तेच करत असतो, फुकटात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करून ठेवा, लेव्हल दाखवायची सोय असेल तर तीही चालू करा.

पण मागे जायला जागाच नसते बऱ्याचदा, मागे विहीर असते नाहीतर शेजाऱ्याचा गडगा असतो, म्हणून सॉफ्टवेअर लागतंच. मोबाइलवर स्नॅपसीड फुकट आहे, त्यात पर्स्पेक्टिव्ह नावाचं टूल आहे, बोट वरखाली केलं की फोटो पुढे-मागे झुकतो. सरळ करताना कोपऱ्यांत रिकामी जागा तयार होते, ती स्नॅपसीड आजूबाजूचं बघून आपणच भरतं, आभाळ असेल तर छान भरतं, माणसं असतील तर कोपऱ्यात अर्ध्या डोक्याचा एखादा जुळा भाऊ उभा राहतो, तेव्हा सेव्ह करण्याआधी कोपरे बघत चला. आयफोनच्या फोटोज् अॅपमध्ये आयओएस १३ पासून क्रॉपच्या जागीच उभं आणि आडवं पर्स्पेक्टिव्ह बदलायची सोय आहे, लोकांना ती सापडतच नाही. लाइटरूममध्ये अपराइट नावाचा प्रकार २०१३ मध्ये आला, ऑटो बटण दाबलं की ते फोटोतल्या सरळ रेघा शोधून स्वतःच ठरवतं, आणि २०१६ पासून त्यात गायडेडही आहे, म्हणजे तुम्ही स्वतः दोन ते चार रेघा मारून सांगायचं की या खरं म्हणजे उभ्या आहेत आणि या आडव्या. फोटोशॉपमध्ये तर वाटाच वाटा आहेत, लेन्स करेक्शन फिल्टर आहे, पर्स्पेक्टिव्ह क्रॉप टूल आहे, साधं एडिटमधलं ट्रान्सफॉर्म आणि त्यातलं डिस्टॉर्ट आहे. पैसे घालायचे नसतील तर गिंप घ्या, शिफ्ट आणि पी दाबलं की पर्स्पेक्टिव्ह टूल येतं, त्याच्या ऑप्शनमध्ये डिरेक्शन ‘करेक्टिव्ह’ करा, मग जाळी वाकड्या इमारतीवर बसवायची आणि ट्रान्सफॉर्म दाबायचं, ती इमारत सरळ होते. डार्कटेबलही फुकटच, त्यातलं रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह मॉड्यूल रेघा शोधून दाखवतं आणि नको त्या रेघा तुम्हाला बाद करता येतात.

क्रम मात्र पाळा. आधी लेन्सचा बाक काढायचा. पर्स्पेक्टिव्हमध्ये सरळ रेघ तिरकी होते पण सरळच राहते. रेघ जर धनुष्यासारखी वाकली असेल तर तो लेन्सचा दोष, त्याला लेन्स प्रोफाइल, म्हणजे त्या लेन्सचा बाक काढणारी तयार सेटिंग, लावायचं, आणि ते न करता कोपरे ओढत बसलात तर एक बाजू जुळवली की दुसरी सुटते, रात्र संपते पण फोटो संपत नाही. बाक गेला की मग पर्स्पेक्टिव्ह, मग क्रॉप, आणि शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, सगळ्यात शेवटी, नाहीतर आधी शार्प केलेल्या कडाही ताणल्या जाऊन भसाड्या दिसतात.

आता कुठल्या रेघेवर विश्वास ठेवायचा, आणि आपल्याकडे गोव्यात हाच सगळ्यात मजेदार भाग आहे. माडावर कधीही गाइड मारू नका. माड उजेड शोधत वाटेल तसा वाकतो, आणि ऑटोला बिचाऱ्याला काय माहीत, त्याला लांबच लांब रेघ मिळाली की तो खूश होतो, माड उभा करून देतो आणि मागचं घर झोपवतो. पणजीच्या अटल सेतूच्या फोटोतही तेच, इतके सगळे केबल तिरके एकाच दिशेने जातायत म्हटल्यावर ऑटो गोंधळू शकतं, तिथे स्वतः खांबावर रेघ मारलेली बरी. दीपस्तंभाची गोष्ट आणखी नाजूक आहे. तो बांधतानाच वर निमुळता होत नेलेला असतो. त्याच्या दोन कडा घेऊन तुम्ही समांतर केल्यात तर तुम्ही कॅमेऱ्याची चूक दुरुस्त केली नाहीत, बांधणाऱ्याचं काम बिघडवलंत, सात मजली स्तंभाचा पाण्याचा पाइप केलात. तिथे बाजूच्या सभामंडपाचे खांब, दरवाजाची चौकट असल्या खरोखर उभ्या गोष्टी शोधायच्या, आणि स्तंभाचा मधला कणा उभा आलाय का तेवढं बघायचं. से कॅथेड्रलला दोनपैकी एक बुरूज १७७६ मध्ये पडला तो पडलाच, त्यामुळे समोरून बघताना एक बाजू जड आणि दुसरी बसकी दिसते, तिथे ‘दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात’ या नजरेने करेक्शन केलंत तर हमखास फसाल, मधल्या दाराच्या चौकटीला धरा. जुन्या घरांत उभ्या भिंतींपेक्षा चिऱ्यांचे थर जास्त भरवशाचे, गिलावा नसेल तर आडव्या सांध्यांची रेघ अगदी स्वच्छ मिळते. समुद्र असेल तर क्षितिज आहेच, फक्त ते आडवं करायला वापरा, भिंतीला उभं करायला नाही. आणि शंभर-दीडशे वर्षांच्या मातीच्या भिंती मुळातच पोटं सुटल्यासारख्या असतात, त्यांच्याकडून ओळंब्याची अपेक्षा करू नये.

बरं, सगळं सरळ सापडलं तरी पूर्ण शंभर टक्के सरळ करायचं का? बहुतेक वेळा नाही. उंच इमारत काटेकोर उभी केली की ती वरती रुंद झाल्यासारखी वाटते, अंगावर येते, कारण खालून बघताना थोडं निमुळतं दिसण्याची आपल्याला सवय असते. म्हणून पूर्ण सरळ करून मग स्लायडर थोडा परत आणायचा, कलणं दहा-पंधरा टक्के शिल्लक ठेवायचं, डोळ्याला ते सरळच वाटतं. आणखी एक, सरळ केल्यावर इमारत बुटकी किंवा लंबुळकी झालीये का ते बघा. चार कोपरे ओढून चौकोन तर मिळतो, पण तो चौकोन किती उंच आणि किती रुंद हे त्या चार ठिपक्यांवरून नक्की कळत नाही, कॅमेऱ्याचा कोन माहीत असेल तरच कळतं. लाइटरूममध्ये त्यासाठी अॅस्पेक्ट नावाचा स्लायडर आहे, बाकीच्या ठिकाणी साधं उंचीत ताणायचं. गोल खिडकी, घड्याळ, चाक असं काही फोटोत असेल तर त्याच्यावर नजर ठेवा, ते गोल झालं की माप बसलं.

सपाट वस्तूंमध्ये मात्र हे गणित अक्षरशः जादू करतं. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये आजोबांचा फोटो आहे, काढायला गेलं तर मागचा पुठ्ठा फाटेल, समोरून मोबाइल धरला तर काचेत ट्यूबलाइट आणि आपणच दिसतो. मग समोरून काढूच नका. बाजूला सरका, जिथून काचेत काळोखी भिंत दिसेल तिथून तिरका फोटो काढा, ट्यूब बंद, दार उघडं, फ्लॅश तर नकोच. आता फ्रेम तिरकी आलीये, चार कोपरे धरून ती सरळ करायची, टेपने खऱ्या फोटोचं माप घ्यायचं, समजा ८ बाय १० इंच, आणि तेच प्रमाण क्रॉपला द्यायचं. फोटोशॉपच्या पर्स्पेक्टिव्ह क्रॉपमध्ये रुंदी-उंची थेट लिहिता येते. फार तिरकं जाऊ नका, लांबच्या कडेला पिक्सेल कमी पडतात आणि ती बाजू फोकसच्या बाहेरही जाते, साधारण ३० अंशांच्या आत राहिलेलं बरं. जमिनीचे जुने पोर्तुगीज कागद, लग्नपत्रिका, वर्तमानपत्राची कात्रणं, सगळ्याला हेच. कागदाला घडी असेल किंवा तो फुगला असेल तर तो सपाट राहिला नाही, मग चार कोपरे कितीही जुळवा, मधल्या ओळी लाटांसारख्याच येणार, त्यापेक्षा कागदावर काच ठेवावी.

चवथीला याच्या उलटा अनुभव येतो. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळं बांधलेल्या चौकटीचे, फोटो सगळेच काढतात आणि सगळेच खालून काढतात, दुसरा उपायच नसतो, ती वर टांगलेली. खालून तिरकी काढली की लाकडी चौकट पुढे रुंद आणि मागे अरुंद येते. आता चार कोपरे ओढून चौकट चौकोनी केलीत, झाली, पण तिला बांधलेले नारळ, ओल्या सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन हे काही चौकटीच्या पातळीत नाहीत, ते चौकटीखाली लोंबतायत, म्हणजे मोबाइलच्या जवळ. मोबाइलपासून चौकट दीड मीटर वर आणि नारळ तिच्याखाली ४० सेंटीमीटर असेल तर तो नारळ आधीच १.३६ पट मोठा आलेला असतो, आणि सरळ करण्याच्या नादात कडेचे घोस बाहेरच्या बाजूला तिरके लोंबायला लागतात, वारा सुटल्यासारखे. चौकट की फळं, दोन्ही एकदम सरळ होणार नाहीत. मी चौकट थोडी वाकडी ठेवतो, माटोळी बघणारा फळंच मोजतो, चौकट कोण बघतंय.

सरळ करणं झालं, आता मुद्दाम तिरकं करणं. म्हापशातल्या एखाद्या बोर्ड रंगवणाऱ्याला गिऱ्हाईक विचारतं, माझ्या दुकानावर हा बोर्ड कसा दिसेल ते दाखव. दुकानाचा फोटो आहे, बोर्डाचं डिझाइन आहे, ते फोटोवर बसवायचं. फोटोशॉपमध्ये डिझाइनचा लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, मग डिस्टॉर्टने चार कोपरे दुकानाच्या कपाळावर बसवा, म्हणजे उद्या गिऱ्हाइकाने फोन नंबर बदलला तरी आतलं डिझाइन बदललं की बाहेर आपोआप बसतं. इथे स्क्यू वापरू नका, स्क्यूमध्ये बाजू धरून ओढली की समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात, म्हणून लांबच्या टोकाची अक्षरं लहानच होत नाहीत आणि बोर्ड चिकटवल्यासारखा दिसतो. बसलाय की नाही हे ओळखायला बोर्डाची वरची आणि खालची कड लांबवर वाढवून बघा, दुकानाच्या छपराची आणि उंबऱ्याची रेघही तशीच वाढवा, सगळ्या एकाच बिंदूत जाऊन मिळाल्या पाहिजेत. इमारतीचा कोपरा दिसत असेल, म्हणजे दोन भिंती दोन दिशांना जात असतील, तर एका चौकोनाने भागत नाही, त्यासाठी फोटोशॉपमध्ये पर्स्पेक्टिव्ह वॉर्प आहे, २०१४ पासून, त्यात दोन भिंतींना दोन पट्टे लावून मधली कड जोडायची आणि मग दोन्ही वेगवेगळ्या फिरवता येतात. तरी मर्यादा तीच, जी भिंत फोटोत दिसलीच नाही ती त्यातून उगवत नाही.

माणूस चिकटवण्याचं काम तर घरोघरी चालतं. भाऊ बोटीवर आहे, फॅमिली फोटोत नाही, त्याला बसवून दे. त्याचा उजेड जुळवतात, रंग जुळवतात, आणि तरी तो उपराच दिसतो, कारण क्षितिज जुळवलेलं नसतं. मिरामारच्या सपाट वाळूवर उभं राहून १६० सेंटीमीटरवरून फोटो काढला असेल तर समुद्राची रेघ प्रत्येक माणसाला १६० सेंटीमीटरवरच छेदते, तो जवळ असो की पार पाण्याकडे असो. म्हणजे मोठ्या माणसांच्या साधारण डोळ्यांतून ती रेघ जाते. भावाला त्यात टाकताना त्याचे डोळे त्या रेघेवर आणा आणि पाय जिथे पडतील तिथे पडू द्या, आकार आपोआप बरोबर येतो, अंदाजपंचे लहानमोठं करत बसावं लागत नाही. बाकीचे सगळे रेघेवर आणि हा एकटाच कमरेतून छेदलेला असेल तर तो राक्षस दिसणार. आणि त्याचा मूळ फोटो कोणी बसून खालून काढलेला असेल, हनुवटी खालून दिसत असेल, तर त्याला काही इलाज नाही, त्याच्याकडून दुसरा फोटो मागवा, डोळ्याच्या उंचीवरून काढलेला.

राहिलं कडेचं ताणणं. अल्ट्रावाइडने, म्हणजे ०.५एक्सने, ग्रुप फोटो काढला की टोकाची माणसं जाडी होतात, डोकी कोपऱ्यांकडे खेचली जातात. भिंती, दारं, रेघा सरळ ठेवायच्या असतील तर कडेच्या गोल वस्तू लांबट होणारच, चेंडू असेल तर अंडं होतं, आणि अंड्याचं टोक फ्रेमच्या मधापासून बाहेरच्या दिशेला असतं. रेघा सरळ हव्यात की तोंडं गोल हवीत, ह्यात एक निवडावं लागतं, काही मोबाइल तोंडं ओळखून तेवढाच भाग आवळतात आणि मग मागची भिंत तिथे किंचित वाकते, निरखून बघा, दिसेल. ग्रुप असेल तर १एक्सवर या आणि मागे सरका, आत्याला टोकाला उभं करू नका. आणि भाड्याच्या खोलीचा फोटो बघत असाल, कळंगुट असो की पणजी, तर आधी कोपऱ्यातला गोल दिवा, कडेला ठेवलेली बादली, माठ बघा. ते अंड्यासारखे दिसले तर खोली ०.५एक्सने काढलीये, पलंगासमोर जी ऐसपैस फरशी दिसतेय ती जवळून काढल्यामुळे दिसतेय, मालकाला सांगा दारात उभं राहून १एक्सवर एक फोटो काढून पाठव आणि खोलीची लांबी-रुंदी फुटात लिही.